खोक्यात कोण नाही?

चोपन्न मिलिमीटर म्हणजे साधारण करंगळीएवढी उंची. एवढ्याशा शिशाच्या शिपायाचा कमरपट्टा पांढरा असावा की तपकिरी, ह्या प्रश्नावर दोन सुशिक्षित, पोक्त आणि एरवी समंजस माणसे तासभर वाद घालतात, असे सांगितले तर कोणालाही हसू येईल. परंतु युरोप-अमेरिकेत खेळण्यातल्या शिपायांचा संग्रह करणारे छांदिष्ट पुष्कळ आहेत. त्यांच्या संस्था आहेत, प्रदर्शने आहेत, लिलाव आहेत. इंग्लंडमधील 'ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी' तर १९३५ पासूनची आहे. ह्या मंडळींच्या चर्चेत दोन प्रश्न फिरून फिरून येतात. पहिला : हा शिपाई इतिहासाला धरून आहे का? दुसरा : असा शिपाई घडवणे, विकणे आणि कपाटात मांडणे शोभते का? पहिला प्रश्न अचूकतेचा, दुसरा अभिरुचीचा. वरवर पाहता दोन्ही फावल्या वेळचे वाटतात. पण युद्ध ही गोष्ट मुलांच्या हातात कोणत्या रूपाने द्यावी, हा मोठा प्रश्न ह्या दोन प्रश्नांच्या पोटात आहे, आणि ज्या घरात नातवंडे आहेत त्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध येतो.

ह्या खेळण्याची वंशावळ जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरापर्यंत जाते. अठराव्या शतकात तेथील कारागीर कथलाचे चपटे शिपाई ओतू लागले. एका बाजूने पाहिले तर घोड्यासह पूर्ण स्वार, कडेने पाहिले तर नुसती एक रेघ! एर्न्स्ट हाइनरिक्सन ह्याने १८३९ साली तेथे काढलेल्या कारखान्यातील तीस मिलिमीटर ही उंची अशा चपट्या शिपायांसाठी पुढे प्रमाण मानली गेली. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये भरीव शिपाईही होत. ते देखणे असत, पण धातू अधिक लागत असल्याने महाग पडत. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन ह्यांच्या कुटुंबातील कारखान्याने एक युक्ती शोधली. शिसे आणि अँटिमनी ह्यांचा वितळलेला रस साच्यात ओतायचा, साच्याच्या कडेला पातळ थर गोठला की उरलेला रस लगेच बाहेर काढायचा. आतून पोकळ, वजनाला हलका आणि किमतीला स्वस्त असा शिपाई तयार झाला. धातू वाचला, वाहतुकीचा खर्च वाचला, आणि मध्यमवर्गीय घरातील मुलाला लाल खोक्यातली पलटण परवडू लागली. इंग्लंडच्या बाजारातील जर्मन मालाचे वर्चस्व मोडले ते ह्या साध्या हिशेबामुळे. 'ब्रिटन्स' हे नाव आणि चोपन्न मिलिमीटर ही उंची, दोन्ही तेव्हापासून जगभर रूढ झाली.

ब्रिटन्सच्या यशाला आणखी एक कारण होते. त्यांच्या खोक्यावर पलटणीचे नाव छापलेले असे आणि आतल्या शिपायाचा गणवेश त्या नावाला शक्यतो धरून असे. एकदा असे वचन दिले की ते पाळले गेले की नाही हे तपासणारे लोक आलेच. संग्राहकांचा पहिला वाद इथून सुरू होतो.

पहिल्या महायुद्धाचे उदाहरण घ्यावे. ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रेंच पायदळ लाल पाटलोणी घालून रणांगणात उतरले. त्याचा ओळखीचा फिकट निळा गणवेश १९१५ मध्ये सर्रास दिसू लागला. १९१४ साली कोणत्याही सैन्याच्या पायदळाला सरसकट पोलादी टोप मिळालेला नव्हता. फ्रेंचांचा टोप १९१५ मध्ये आला, ब्रिटिशांचा त्याच वर्षाच्या अखेरीस थोडा थोडा पोहोचू लागला, आणि जर्मनांचा कानांवर उतरणारा टोप १९१६ मध्ये, व्हर्दूनच्या लढाईच्या सुमारास रुळला. तेव्हा खोक्यावर '१९१४' असे छापलेले असेल आणि आतल्या शिपायाच्या डोक्यावर पोलादी टोप असेल, तर जाणकार चटकन बोट ठेवतो. ही तक्रार क्षुल्लक नाही. टोप उशिरा आला ह्याचा अर्थ असा की युद्धाच्या पहिल्या वर्षी लाखो माणसे डोक्यावर कापडी किंवा चामडी टोपी घेऊन तोफगोळ्यांच्या तुकड्यांखाली उभी होती. डोक्याच्या जखमांची संख्या पाहून सरकारांना जाग आली. चुकीच्या खोक्यातला तो टोप ही सगळी हकीकत पुसून टाकतो.

अचूकतेचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो नवख्या माणसाला बुचकळ्यात पाडतो. समजा, शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या शिपायाचा रंग मुळातच चुकीचा दिलेला आहे. तो आता दुरुस्त करावा का? येथे मात्र संग्राहकांत फारसे दुमत नसते. जुन्या खेळण्यावर नवा रंग चढवला की त्याचे मोल घसरते, मग तो रंग इतिहासाच्या दृष्टीने कितीही बरोबर असो. कारण ते खेळणे आता लढाईचा पुरावा राहिलेले नसते. ते त्याच्या निर्मात्यांच्या आणि त्या वेळच्या मुलांच्या कल्पनेचा पुरावा झालेले असते. जुन्या दस्तऐवजातील शुद्धलेखनाच्या चुका कोणी खोडरबराने पुसत नाही, तसेच हे.

ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने अॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, आक्रमण केले. ब्रिटन्सने त्या सुमारास इटालियन पायदळाचे आणि अॅबिसिनियन योद्ध्यांचे संच बाजारात आणले. सकाळच्या वर्तमानपत्रातले युद्ध संध्याकाळी सतरंजीवर मांडता येऊ लागले. हे संच आज संग्राहकांना प्रिय आहेत, आणि त्यांच्या गणवेशांवर बारकाईने लिहिले-बोलले जाते. त्या युद्धात इटलीच्या विमानांनी अॅबिसिनियन सैन्यावर आणि वस्त्यांवर मस्टर्ड हा विषारी वायू सोडला होता. खोक्यांत दोन्ही पक्षांचे शिपाई होते. वायूने भाजलेला माणूस कोणत्याही खोक्यात नव्हता.

हिशेबतपासनिसाला चुकांचे दोन प्रकार शिकवले जातात. एक, चुकीची केलेली नोंद. दोन, मुळीच न केलेली नोंद. पहिली सापडणे त्या मानाने सोपे, कारण ती कागदावर असते. पावती आणि खतावणी शेजारी ठेवली की ती उघडी पडते. दुसरी अधिक धोक्याची, कारण तिच्यासह ताळेबंद बिनचूक जुळतो. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी येते, सही होते, आणि एखादे मोठे देणे वहीबाहेरच राहते. खेळण्यातल्या शिपायांच्या बाबतीत गुंड्या, पट्टे आणि टोप ह्यांवरचा वाद पहिल्या प्रकारच्या चुकीचा असतो. अभिरुचीचा म्हणून जो वाद होतो तो, नीट पाहिले तर, बहुधा दुसऱ्या प्रकारच्या चुकीचा निघतो.

ह्याचा सर्वांत मोठा दाखला खेळण्याच्या दुकानातला नाही. लेफ्टनंट विल्यम सिबोर्न ह्या ब्रिटिश अधिकाऱ्याला १८३० साली वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करण्याचे काम सोपवण्यात आले. लढाई १८ जून १८१५ ची. सिबोर्नने त्या रणभूमीवरील ला ए सेंत ह्या शेतवाडीत आठ महिने मुक्काम करून जमिनीचा चढउतार, वाटा, कुंपणे मोजली. संध्याकाळी सातच्या सुमाराचा, नेपोलियनच्या शाही रक्षकदलाच्या चढाईचा क्षण त्याने निवडला. त्या घटकेला कोण कोठे उभे होते हे ठरवण्यासाठी त्याने हयात अधिकाऱ्यांना पत्रे धाडली आणि शेकडो उत्तरे गोळा केली. सरकारने मध्येच निधी थांबवला, तरी त्याने स्वतःच्या आणि उसनवारीच्या पैशावर काम चालू ठेवले. १८३८ साली लंडनच्या ईजिप्शियन हॉलमध्ये ती प्रतिकृती मांडली गेली तेव्हा तिच्यावर सत्तर हजारांहून अधिक चिमुकले शिपाई होते, आणि सुमारे एक लाख लोक तिकीट काढून ती पाहून गेले.

परंतु एका प्रश्नाने सिबोर्नचा पिच्छा पुरवला. त्या सायंकाळी ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या मदतीला आलेले प्रशियाचे सैन्य रणभूमीवर नेमके कोठवर पोहोचले होते? सिबोर्नने जमवलेल्या पुराव्यानुसार ते बरेच पुढे होते. वेलिंग्टनच्या वर्तुळातील अधिकाऱ्यांना हे रुचले नाही, कारण प्रशियन जितके पुढे तितका विजयाचा वाटा अधिक वाटला जाणार. अखेरीस सिबोर्नने सुमारे चाळीस हजार प्रशियन सैनिकांचे स्थान दाखवणारे पुतळे प्रतिकृतीवरून काढून टाकले. उरलेल्या प्रत्येक शिपायाचा गणवेश पूर्वीइतकाच बिनचूक होता, जमिनीचा प्रत्येक उंचवटा जागच्या जागी होता. पैशाच्या विवंचनेतच सिबोर्न १८४९ साली वारला. ती प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. अचूकतेवर बोलणाऱ्या प्रत्येक संग्राहकाने तिच्यापुढे एकदा उभे राहावे.

बाजारातल्या खोक्यांतून वगळलेल्यांची यादी लहान नाही. ब्रिटन्सचे बहुतेक शिपाई अनेक दशके संचलनाच्या झगझगीत गणवेशात होते. लाल अंगरखे, अस्वलाच्या केसांच्या उंच टोप्या, चमकते छातीकवच. प्रत्यक्ष रणांगणावर खाकी येऊन कितीतरी वर्षे लोटली तरी खपत होती ती लाल पलटण. तिच्या गुंड्या बरोबर होत्या, फक्त युद्ध तेवढे त्यात नव्हते. हान्स अँडरसनच्या १८३८ मधील प्रसिद्ध कथेतला कथलाचा शिपाई एका पायाचा आहे. पण त्याचा पायही लढाईत गेलेला नाही. तो सर्वांत शेवटी ओतला गेला आणि कथील कमी पडले, एवढेच त्याचे कारण.

विन्स्टन चर्चिल ह्यांनी १९३० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तरुणपणाच्या आठवणींत बालपणीच्या दीड हजारांच्या आसपास शिपायांची हकीकत सांगितली आहे. त्यांची फौज सगळी ब्रिटिश होती. शत्रुपक्षाचे सेनापतिपद धाकट्या भावाकडे, आणि त्याला नियम असा की त्याने फक्त काळ्या-सावळ्या वर्णाचे सैनिक वापरावेत व तोफखाना ठेवू नये! बालपणीचा हा नियम त्यांनी मोकळेपणाने नोंदवला आहे. खेळाचे पट घरात मांडले जातात, पण त्यांचे नियम घराबाहेरच्या जगातून येतात, हे त्यावरून कळते.

त्या सावळ्या शिपायांत आपल्याकडचेही होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटन्सने हिंदुस्थानी फौजेचे जे संच काढले त्यांत बॉम्बे लान्सर्स हे भालेस्वार आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री हे पायदळ होते. साम्राज्याच्या वैभवात रंग भरण्यासाठी फेटेवाला शिपाई हवा होता, म्हणून तो खोक्यात आला. पुढे दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांच्या घरात हिंदी सैनिक होते. उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत हिंदी डिव्हिजन लढल्या. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे ह्यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत आलेल्या वीरमरणानंतर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु युद्धानंतर प्लॅस्टिकच्या शिपायांची लाट आली, वाळवंटातल्या आणि इटलीतल्या लढायांचे संच घरोघरी पोहोचले, त्या खोक्यांत हिंदी शिपाई क्वचितच दिसला. संचलनाला तो होता. लढाईच्या वेळी खोक्यातून गळाला. आजचे काही कारागीर आणि संग्राहक ही उणीव मुद्दाम भरून काढतात, तेव्हा ते बारकाव्यांचा हट्ट करत आहेत असे न म्हणता राहिलेली नोंद करत आहेत असे म्हणावे.

आता अभिरुचीचा प्रश्न. १९१५ च्या सुमारास, फ्रान्समधील खंदकांत माणसे मरत असतानाच, ब्रिटन्सने 'उडणारा खंदक' नावाचे खेळणे विकले. नेम बरोबर बसला की कळ सुटे आणि खंदकातले शिपाई हवेत उडत. त्या शिपायांच्या वयाने थोरल्या भावंडांचे आणि वडिलांचे प्रत्यक्षात काय होत होते हे ज्या घरांत तार आली त्यांना ठाऊक होते. युद्ध संपल्यावर लोकांना रणगर्जनेचा वीट आला. ब्रिटन्सने हा बदल ओळखला आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला गाई, कोंबड्या, शेतकरी, गवताच्या गंज्या अशी शेतवाडीची खेळणी काढली. तीही भरपूर खपली.

मग युद्धाची खेळणीच बंद करावीत काय? हा विचारही जुनाच आहे. 'साकी' ह्या नावाने लिहिणारे एच. एच. मन्रो ह्यांची 'शांततेची खेळणी' अशा अर्थाच्या शीर्षकाची एक विनोदी कथा आहे. तिच्यातला मामा भाच्यांसाठी तोफा-शिपायांऐवजी नगरपालिकेची कचरापेटी, एक लोकोपयोगी इमारत आणि विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल ह्यांची बाहुली आणतो. थोड्या वेळाने तो डोकावतो तो इमारतीला तोफांसाठी भोके पडलेली आहेत आणि लाल शाईचे रक्त सांडलेले आहे! मन्रो स्वतः १९१६ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गोळी लागून मरण पावले. एच. जी. वेल्स ह्यांनी १९१३ साली 'लिट्ल वॉर्स' हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम घालून दिले, आणि शेवटी खऱ्या युद्धापेक्षा हे जमिनीवरचे युद्ध किती बरे, असा युक्तिवाद केला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. खेळण्याने युद्ध लागत नाही आणि खेळणे काढून घेतल्याने ते थांबतही नाही, हे दोन्ही लेखकांच्या काळाने दाखवून दिले. तरीही खेळणे काहीतरी शिकवते, हे नाकारता येत नाही.

ते कसे शिकवते हे सर्वांत उघडपणे दिसले जर्मनीत. हाउसर कंपनीचे 'एलास्टोलिन' आणि तिच्या स्पर्धक कंपनीचे 'लिनिओल' हे शिपाई लाकडाचा भुसा, सरस आणि चिनी माती ह्यांसारख्या पदार्थांच्या लगद्यातून, आत तारेचा सांगाडा घालून बनवत. कारागिरी उत्तम. १९३० च्या दशकात ह्या कारखान्यांतून वादक, स्वयंपाकी, जखमी सैनिक ह्यांच्याबरोबरच नाझी पक्षाची वादळी तुकडी, एस.एस.चे जवान आणि हात वर-खाली होणारा हिटलरही बाहेर पडू लागला. जर्मन मुलाने सतरंजीवर त्या हिटलरपुढे संचलन मांडायचे! राज्यसत्ता घराच्या सतरंजीपर्यंत पोहोचली होती.

आज हे शिपाई संग्राहकांच्या बाजारात चांगल्या किमतीला जातात, आणि सर्वांत कडवा वाद होतो तो त्यांच्यावर. जर्मनीच्या दंडसंहितेतील कलम ८६-अ प्रमाणे नाझी चिन्हांचे जाहीर प्रदर्शन गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, कला अशा कारणांसाठी अपवाद आहेत. त्यामुळे तेथील विक्रीच्या सूचीत चित्रातल्या स्वस्तिकावर पट्टी चिकटवलेली असते, आणि विमानांच्या प्रतिकृतींच्या संचांतून ते चिन्ह वगळलेले किंवा तुकड्यांत दिलेले असते. एक पक्ष म्हणतो : चिन्ह झाकणे म्हणजे इतिहास खोटा करणे, जे होते ते दाखवा. दुसरा म्हणतो : ज्यांची माणसे छळछावण्यांत गेली ते शेजारी राहत असताना बैठकीच्या कपाटात ही मिरवणूक मांडणे हा निर्लज्जपणा आहे. पहिल्याच्या तोंडी अचूकतेची भाषा, दुसऱ्याच्या तोंडी अभिरुचीची. आणि दोघांनाही वाटते की समोरचा वेगळ्याच विषयावर बोलत आहे.

वस्तुतः दोघे एकाच विषयावर बोलत असतात. १९३६ सालचा लगद्याचा हिटलर हा एका राजवटीने मुलांना कसे घेरले ह्याचा पुरावा आहे. तो जतन व्हावा, त्याचा रंगही बदलू नये, आणि तो काय आहे हे सांगणारी चिठ्ठी त्याच्याशेजारी असावी. संग्रहालये हेच करतात, आणि विचारी संग्राहकही. परंतु एस.एस.ची एखादी तुकडी आज नव्याने घडवून, तिच्या कॉलरवरच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली तपासाव्यात इतक्या अचूक रंगवून, केवळ दिमाख म्हणून मांडली, तर तेथे अचूकतेचा दावाच टिकत नाही. त्या गणवेशाने काय केले ही त्याच्याविषयीची मुख्य ऐतिहासिक माहिती आहे, आणि तीच नेमकी खोक्याबाहेर राहिलेली असते. गुंड्या जुळल्या, ताळेबंद जुळला. देणे वहीत आले नाही. पाहणाऱ्याला जे अशोभनीय वाटते ते ह्या अपुरेपणामुळे.

ह्याच्या उलट बाजूचे दाखलेही आहेत, आणि ते आनंद देतात. ब्रिटन्सनेच पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून सैनिकी वैद्यकीय पथकाचा संच काढला होता. त्यात डॉक्टर होते, परिचारिका होत्या, स्ट्रेचर उचलणारे होते आणि स्ट्रेचरवर जखमी माणूसही होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस वायूपासून बचावाचे मुखवटे घातलेले शिपाई आणि नागरी संरक्षणाची स्ट्रेचर-पथके आली. खेळता खेळता मुलाच्या हाती आलेला तो जखमी माणूस शंभर व्याख्यानांचे काम करत असेल.

जर्मनीतील कुल्मबाख गावाच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यात कथलाच्या बाहुल्यांचे जगातील सर्वांत मोठे मानले जाणारे संग्रहालय आहे. तेथे सुमारे तीन लाख बाहुल्या आहेत. त्यांतील सर्वांत मोठा देखावा सुमारे एकोणीस हजार बाहुल्यांचा आहे. विषय कोणत्याही विजयाचा नाही. नोव्हेंबर १५५३ मध्ये खुद्द कुल्मबाख गावाचा जो विध्वंस झाला तो त्यात दाखवला आहे. आपल्याच गावाची राखरांगोळी इतक्या कसोशीने मांडणाऱ्यांनी न केलेली नोंद केली, असे म्हटले पाहिजे.

अलीकडचे एक उदाहरण तर अगदी घरगुती आहे. २०१९ साली अमेरिकेतील सहा वर्षांच्या एका मुलीने खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांना पत्र लिहून विचारले की हिरव्या प्लॅस्टिकच्या शिपायांत बायका का नाहीत. पेन्सिल्व्हानियातील 'बीएमसी टॉइज' ह्या छोट्या कंपनीने ते मनावर घेतले आणि २०२० साली स्त्री-सैनिकांचा संच बाजारात आणला. युद्धाच्या संचांत स्त्रिया घालणे इतिहासाला सोडून होईल, असे कोणाला वाटले तर त्याने दुसरे महायुद्ध आठवावे. एकट्या सोव्हिएत फौजेत सुमारे आठ लाख स्त्रिया होत्या. त्यांत वैमानिक होत्या, नेमबाज होत्या. सहा वर्षांच्या मुलीला जे खटकले ते साठ वर्षे बारकावे तपासणाऱ्यांच्या नजरेतून निसटले होते.

येथे पालकांसाठी एक व्यावहारिक सूचना करणे आवश्यक आहे. जुन्या बाजारात किंवा परदेशातून आणलेल्या सामानात मिळणारे शिशाचे शिपाई लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. शिसे विषारी आहे, आणि जुन्या रंगातही ते असू शकते. खेळण्यांच्या सुरक्षिततेचे नियम कडक होत गेले तेव्हा ब्रिटन्सने १९६६ साली पोकळ शिशाचे शिपाई करणे थांबवले. असे शिपाई काचेच्या कपाटातच शोभतात.

महाराष्ट्रातील मुलांना खेळण्यातले शिपाई भेटतात ते मुख्यतः दिवाळीत. माती, दगड आणि गोणपाट ह्यांचा किल्ला उभा राहतो, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरली जाते, वर सिंहासनावर महाराज आणि बुरुजांवर मातीचे मावळे. एखाद्या बुरुजावर बंदूकधारी प्लॅस्टिकचा सैनिकही घुसलेला असतो, आणि इतिहासाच्या जाणकाराने कपाळाला हात लावावा अशी त्याची अवस्था असते. तो सैनिक खुशाल काढून टाकावा. काळ कोणता, शस्त्र कोणते, हे मुलाला सांगण्याची ती चांगली संधी आहे. परंतु त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी पाहावे. तेथे गवळण असते, भाजीवाली असते, बैलजोडी आणि शेतकरी असतो, पाण्याचे तळे असते. ज्यांच्यासाठी किल्ला राखायचा आणि लढाई झाली तर ज्यांची शेते तुडवली जातात ती माणसे आपल्या परंपरेने त्या मांडणीतून वगळलेली नाहीत. न्यूरेंबर्गच्या आणि लंडनच्या खोक्यांत बहुधा जे नव्हते ते आपल्या अंगणातल्या मातीत पहिल्यापासून आहे.

म्हणून नातवंडासाठी शिपायांचा संच घेताना गणवेश बरोबर आहे की नाही हे जरूर पाहावे. खोटी माहिती लहानपणीच रुजू देऊ नये. त्यानंतर खोके उघडून मुलाला शेजारी बसवावे आणि विचारावे : ह्यात डॉक्टर आहे का? जखमी कोण उचलणार? ह्यांच्या घरी कोण आहे? ही लढाई कोणाच्या शेतात चालली आहे? मूल थोडा वेळ विचार करील आणि मग बहुधा उठून जाईल. कागदाची आई, काडेपेटीचे घर, सोंगटीचा डॉक्टर असे काहीबाही आणून मांडील. त्या वेळी शिपाई चोपन्न मिलिमीटरचा आणि आई वीतभर उंच झाली म्हणून कोणी हरकत घेऊ नये.